पडद्यावर आकडा आला, पण तो खरा आहे का?

टाकीवरचा लेव्हल ट्रान्समीटर, म्हणजे पाण्याची पातळी मोजून कळवणारं उपकरण, एकीकडे; कंट्रोल रूम कित्येक किलोमीटर दूर. मध्ये एक पेटी असते: रिमोट टर्मिनल युनिट, म्हणजे आरटीयू. उपकरणांकडून मोजमापं गोळा करायची आणि वर पाठवायची, हे तिचं काम. तारा जोडल्या, दिवे लुकलुकले, पडद्यावर आकडा उमटला की काम झालं असं वाटतं. माझ्या मते खरी तपासणी तिथूनच सुरू व्हायला हवी.

सर्वांत साधी जोडणी ४ ते २० मिलिअँपिअरची. ४ म्हणजे टाकी रिकामी, २० म्हणजे काठोकाठ, १२ म्हणजे बरोब्बर अर्धी. सुरुवात शून्यापासून का नाही? तार तुटली की प्रवाह शून्य होतो. मग टाकी रिकामी आहे की तार तुटली, हे ओळखायचं कसं? फार विचारपूर्वक ठरवलेली गोष्ट आहे ही. मात्र या प्रवाहाचा अर्थ आरटीयूला आपणच सांगायचा असतो. ट्रान्समीटर ० ते १० मीटरचा आहे आणि आरटीयूत ० ते ८ भरलं, तर ९ मीटर पाणी असताना पडदा ७.२ दाखवतो. जोडणी अगदी ठणठणीत असते, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

दुसरी पद्धत मॉडबस. मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आणलेली ही उपकरणांच्या संवादाची बोली आजही जगभर चालते. आरएस-४८५ या जोडणीच्या मानकानुसार एकाच तारजोडीवर अनेक उपकरणं बसतात, प्रत्येकाला १ ते २४७ मधला स्वतंत्र पत्ता. बॉड रेट (पाठवण्याचा वेग) किंवा पॅरिटी (चूक पकडण्यासाठी जोडलेला बिट) जुळली नाही तर धड उत्तर येत नाही, त्यामुळे ती चूक लगेच सापडते.

रजिस्टरची, म्हणजे उपकरणात आकडा ठेवायच्या क्रमांकित कप्प्याची, चूक मात्र लपून बसते. माहितीपुस्तिकेत ४०१०८ लिहिलेलं असतं, तारेवरून बहुधा १०७ मागायचं असतं, कारण मोजणी शून्यापासून होते. त्यातून दशांश आकडा ३२ बिटांचा, रजिस्टर १६ बिटांचं. म्हणून एका आकड्याचे दोन तुकडे होतात. आधी कुठला पाठवायचा, यावर उत्पादकांचं एकमत नाही. २५.० हा आकडा हेक्समध्ये (सोळा अंकचिन्हांच्या पद्धतीत) ४१सी८ आणि ०००० असा तुटतो. हेच तुकडे उलटे जोडले तर मूल्य इतकं सूक्ष्म होतं की पडद्यावर ०.०० दिसतं. शून्य बघून माणूस सेन्सर बदलायला धावतो आणि चांगला सेन्सर काढून टाकतो!

टाइमआउटकडेही, म्हणजे उत्तराची वाट किती वेळ बघायची याकडेही, लक्ष हवं. एक उपकरण बंद पडलं आणि आरटीयू एकेक सेकंद थांबून तीनदा विचारत राहिला, तर प्रत्येक फेरीत बाकी सगळे तीन सेकंद खोळंबतात.

म्हणून चालू करण्याआधी लूप कॅलिब्रेटर (हवा तेवढा प्रवाह देणारं उपकरण) लावून ४, ८, १२, १६, २० असे पाचही टप्पे द्यावेत आणि पडद्यासमोरच्या सहकाऱ्याकडून प्रत्येक वाचन ऐकावं. मॉडबसवर उपकरणाच्या डिस्प्लेवरचा आकडा पडद्याशी ताडून बघावा. मग एक तार मुद्दाम काढावी. काही ठिकाणी संपर्क तुटल्यावरही आरटीयू शेवटचं मूल्य तसंच धरून ठेवतो आणि पडदा शांतपणे जुनाच आकडा दाखवत राहतो. तार काढल्यावर तिथे बिघाडाची खूण उमटली, तरच ती पुन्हा जोडून पेटीचं दार लावावं.