आधी नाव ओळखीचं होऊ दे

बाळ साधारण साडेचार महिन्यांचं झालं की स्वतःचं नाव इतर नावांतून वेगळं ओळखू लागतं. १९९५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हे दाखवून दिलं: स्वतःचं नाव ऐकू आलं की बाळं त्या दिशेला जास्त वेळ बघत राहायची. कानाला नाव इतक्या लवकर ओळखीचं होतं. डोळ्यांना आणखी तीनेक वर्षं लागतात आणि हाताला त्याहून जास्त. मुंबईत केजीच्या प्रवेशाची धास्ती एवढी असते, की मधला सगळा काळ ओलांडून तीन वर्षांच्या मुलापुढे थेट टिंबटिंबांचं नाव ठेवलं जातं आणि ‘गिरव’ म्हटलं जातं. मला ही घाई मनापासून खुपते.

हाताचाही एक क्रम असतो. उभी रेघ दोन वर्षांच्या सुमारास जमते, गोल तिसऱ्या वर्षी, फुली चौथ्या, त्रिकोण पाचव्याच्या आसपास. तिरकी रेघ सगळ्यात उशिरा. म्हणून ‘गगन’ लिहिणाऱ्यापेक्षा ‘रसिका’ला जास्त झगडावं लागतं, र आणि स दोन्हींत तिरका पाय आहे. आपल्याकडे बाराखडीआधी ‘ग म भ न’ गिरवून घ्यायची पद्धत आहे, ती किती शहाणपणाची आहे ते इथे कळतं.

लिहिण्याआधी ओळखणं. बालवाडीत नावाच्या पट्ट्यांचा ढीग ठेवून ‘आपापली उचला’ म्हणा. समीर स बघूनच पट्टी उचलतो. वर्गात ‘सविता’ आली की त्याची पंचाईत होते आणि तो पहिल्यांदाच दुसऱ्या अक्षराकडे बघतो. वाचन सुरू होतं ते इथे. मूल आपल्या नावातलं पहिलं अक्षर इतर अक्षरांच्या आधी शिकतं, हे इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या अभ्यासांत स्पष्ट दिसलं आहे. अर्जेंटिनाच्या एमिलिया फेरेरो यांनी लहान मुलांशी बोलून आणखी एक गोष्ट टिपली: वस्तू मोठी तर तिचा शब्दही लांब असणार, असं मुलांना वाटतं. मग ‘बाबांचं नाव माझ्यापेक्षा छोटं कसं?’ हा प्रश्न येतो. त्याला हसू नये. अक्षरं माणसाची उंची दाखवत नाहीत, उच्चार दाखवतात, हे कोडं मूल त्या क्षणी स्वतः सोडवत असतं.

आता गिरवण्याबद्दल. २०१२ साली इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना काही अक्षरं हाताने काढायला, काही गिरवायला आणि काही टाइप करायला दिली. नंतर तीच अक्षरं दाखवून मेंदूचं स्कॅन केलं. मोठ्या माणसांत वाचताना मेंदूचे जे भाग काम करतात, ते मुलांनी स्वतः काढलेल्या अक्षरांना ठळक प्रतिसाद देत होते. गिरवलेल्या, टाइप केलेल्यांना तसा नाही. स्वतः काढलेलं अक्षर दरवेळी थोडं वेगळं, वेडंवाकडं येतं. त्यातूनच मेंदू अक्षराचा गाभा हेरत असावा, असं या संशोधकांचं म्हणणं. म्हणजे वाकडा ‘म’ हा वाया गेलेला ‘म’ नव्हे.

उलटं अक्षर आलं तरी घाबरू नका. कप डावीकडे वळवला काय, उजवीकडे वळवला काय, मेंदूला तो कपच दिसतो. ही उपजत सवय फक्त अक्षरांपुरती मोडावी लागते, असं फ्रेंच शास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान सांगतात. सहा-सात वर्षांपर्यंत उलटी अक्षरं येणं नेहमीचंच आहे.

देवनागरीची स्वतःची एक अडचण आहे. ‘किरण’मध्ये इकार ऐकू येतो क नंतर, पण वेलांटी बसते क च्या आधी. ‘शर्वरी’मधला र् ऐकू येतो व च्या आधी आणि रफार चढतो व च्या डोक्यावर. चार वर्षांच्या मुलीने ‘शरवरी’ लिहिलं, तर तिने आवाज अचूक सुटे केले आहेत. लाल पेनाने खोडू नका. तिची पट्टी शेजारी ठेवा, ‘तुझ्यात आणि यात काय वेगळं दिसतंय?’ एवढंच विचारा. रफार तिला आज दिसला नाही, तर दोन महिन्यांनी दिसेल. तोवर दप्तरावर, डब्यावर, पाण्याच्या बाटलीवर तिचं नाव नीट, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.