लवणताण व मुळांतील पटल-विकरे

मातीतील विद्राव्य लवणांमुळे, मुख्यतः सोडियम क्लोराइडमुळे, पिकांच्या मुळांतील पेशींच्या पटलांवरील (पातळ आवरणांवरील) विकरांच्या (एन्झाइमांच्या) क्रियेत होणारे बदल. मुंबईलगतच्या ठाणे-रायगडच्या खारजमिनींत उधाणाने बांध फुटून खाचरात खाडीचे पाणी शिरले, किंवा पावसाळ्यानंतर केशाकर्षणाने लवण वर आले की हा ताण उद्भवतो. संपृक्त मृदा-अर्काची विद्युतवाहकता ३ डेसिसायमन प्रतिमीटरच्या पुढे गेली की भाताचे उत्पन्न साधारणपणे घटू लागते.

पेशीपटलावरील प्रोटॉन-एटीपेझ हे विकर एटीपी (पेशीतील ऊर्जावाहक रेणू) खर्चून प्रोटॉन बाहेर टाकते. आतबाहेरच्या प्रोटॉनांतील या तफावतीच्या (प्रवणतेच्या) बळावर एसओएस१ हे वाहक प्रथिन सोडियम पेशीबाहेर काढते. रिक्तिकेच्या (पेशीतील द्रवाने भरलेल्या पोकळीच्या) पटलावर एटीपेझ व पायरोफॉस्फेटेझ हे दोन पंप असून त्यांच्या आधारे सोडियम रिक्तिकेत साठवला जातो.

वनस्पतींत स्वतंत्र सोडियम-पंप आहे काय, हा जुना वाद आहे. १९५७ मध्ये येन्स स्कोऊ यांनी खेकड्याच्या चेतातंतूंत सोडियम-पोटॅशियम एटीपेझ दाखविल्यावर वनस्पतींतही त्याचा शोध सुरू झाला. १९६०-७०च्या सुमारास शुगरबीटच्या मुळांत दोन्ही आयनांनी उत्तेजित होणारी क्रिया नोंदली गेली. मात्र प्रोटॉन-एटीपेझ स्वतःच पोटॅशियमने उत्तेजित होते, म्हणून हा सोडियम-पंपाचा निर्णायक पुरावा ठरत नाही. अरॅबिडॉप्सिस या प्रायोगिक वनस्पतीच्या जनुकसंचात (२०००) सोडियम-पोटॅशियम एटीपेझ आढळले नाही. शेवाळींत सोडियम-एटीपेझ आहे. सपुष्प पिकांपुरते प्रोटॉन-पंपाचे मतच अधिक ग्राह्य वाटते.

लवणताणाखाली या पंप-विकरांची क्रिया वाढल्याची आणि घटल्याचीही निरीक्षणे आहेत. वाण व ताणाचा कालावधी यांइतकाच फरक मापनपद्धतीतून येतो. मुळे ४° से. तापमानात सुक्रोज, ईडीटीए व प्रथिनभंजक-रोधक असलेल्या द्रावणात वाटतात. अपकेंद्रित्रात १०,००० जी (गुरुत्वाच्या १०,००० पट) बलाने जड अंश काढून सुमारे १,००,००० जी बलाने पटले खाली बसवितात. पीएच ६.५ ला मॅग्नेशियम-एटीपी देऊन सुटलेला फॉस्फेट मोजतात. व्हॅनाडेटने दबणारा हिस्सा पेशीपटलाचा, नायट्रेटने दबणारा रिक्तिकेचा व अझाइडने दबणारा मायटोकॉन्ड्रियाचा. पटलांच्या पुटिका (बंद सूक्ष्म पिशव्या) सुलट, म्हणजे पेशीतील बाजू आत राहून, बंद झाल्या, तर विकराचे क्रियास्थान आत दडते आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणून पुटिका उघडण्यासाठी ट्रायटॉन एक्स-१०० हे अपक्षालक (डिटर्जंट) अत्यल्प घालतात, पण जास्त झाल्यास विकरच निकामी होते. रोपांना एकदम १०० मिलिमोलर मीठ दिल्यास मोजला जातो तो बहुतांशी तर्षणाघात (पाणी ओढले गेल्याने बसणारा धक्का). रोज २५–५० मिलिमोलरने वाढविणे इष्ट.

भाताच्या बाबतीत पंपांवरच सहनशीलता ठरविता येत नाही. त्याच्या मुळांत बराच सोडियम पेशीभित्तींमधील मोकळ्या वाटेने, कोणतेही पटल न ओलांडता, थेट प्रकाष्ठात (पाणी वर नेणाऱ्या ऊतीत) पोहोचतो.