तिकीट प्रणालीतील स्वयंसेवी पासवर्ड रीसेट

तिकीट प्रणालीतील स्वयंसेवी पासवर्ड रीसेट : मदतकक्षाकडे येणाऱ्या तक्रारी व विनंत्या तिकिटांच्या रूपाने नोंदवणाऱ्या वेब-आधारित प्रणालीत, पासवर्ड विसरलेल्या वापरकर्त्याला प्रशासकाची वाट न पाहता स्वतःच नवा पासवर्ड ठरवता यावा, यासाठी केलेली सोय. लॉगिन पानावरील ‘पासवर्ड विसरलात?’ हा पर्याय, नोंदलेल्या ईमेल पत्त्यावर येणारी एकदाच चालणारी लिंक आणि नवा पासवर्ड भरण्याचे पान, एवढेच तिचे दर्शनी रूप असते. ही सोय नसली की एक विचित्र अडचण उभी राहते : ज्या प्रणालीत तक्रार नोंदवायची तिच्यातच शिरता येत नाही, म्हणून वापरकर्ता फोन करतो किंवा दुसऱ्याच पत्त्यावरून मेल पाठवतो आणि मदतकक्षाच्या रांगेत ‘पासवर्ड बदलून द्या’ अशा तिकिटांची भर पडत राहते.

या प्रणालींचे वेगळेपण खाते कसे तयार होते यात आहे. पर्ल भाषेत लिहिलेल्या ‘रिक्वेस्ट ट्रॅकर’ (आरटी) या मुक्तस्रोत प्रणालीत ते स्पष्ट दिसते. जेसी व्हिन्सेंट यांनी १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती लिहिली आणि पुढे त्यांनीच स्थापन केलेल्या ‘बेस्ट प्रॅक्टिकल सोल्यूशन्स’ या कंपनीने तिचा विकास चालू ठेवला. आरटीच्या पत्त्यावर अनोळखी माणसाचा मेल आला, की प्रणाली तिकीट तर उघडतेच, शिवाय त्या पत्त्याच्या नावाने एक सामान्य वापरकर्ताही तयार करू शकते. त्याने पासवर्ड कधी ठरवलेलाच नसतो, त्यामुळे डेटाबेसमध्ये पासवर्डच्या रकान्यात ‘पासवर्ड नाही’ एवढीच खूण राहते. अशा माणसाला आपल्या तिकिटाची स्थिती वेबवर पाहायची असेल, तर त्याला रीसेट नव्हे, पहिलाच पासवर्ड हवा असतो. म्हणून रीसेटची सोय जोडताना ‘विसरलेले’ आणि ‘कधीच न ठरवलेले’ असे दोन्ही वापरकर्ते विचारात घ्यावे लागतात, आणि दुसऱ्या गटाला प्रवेश द्यायचा की नाही हा निर्णय संस्थेने जाणीवपूर्वक घ्यावा लागतो.

यावर पूर्वी वापरात असलेला एक उपाय म्हणजे तिकीट उघडल्याच्या पोचपावतीतच प्रणालीने बनवलेला पासवर्ड लिहून पाठवणे. तो सोपा होता, पण चुकीचा होता. आरटी बाहेर जाणाऱ्या मेलची प्रत तिकिटाच्या इतिहासात ठेवते आणि ती पाहण्याचा अधिकार असलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला तो पासवर्ड वाचता येतो. बेस्ट प्रॅक्टिकलने पुढे रीसेटसाठी स्वतंत्र एक्स्टेन्शन (मूळ प्रणालीला जोडायचा भाग) उपलब्ध करून दिले. त्यात पासवर्डऐवजी लिंक जाते आणि पासवर्ड वापरकर्ता स्वतः ठरवतो. आज कोणतीही प्रणाली निवडली, तरी रीसेटचा मेल तिकिटाच्या पत्रव्यवहारापासून अलग ठेवणे हा पहिला नियम मानला पाहिजे.

लिंकमधला गुप्त संकेत, म्हणजे टोकन, हा या सोयीचा गाभा आहे. ते वेळ, वापरकर्ता क्रमांक किंवा ईमेल यांवरून रचलेले नसावे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षित यादृच्छिक स्रोतातून घेतलेले, किमान १२८ बिटांचे असावे. डेटाबेसमध्ये ते जसेच्या तसे न ठेवता त्याचा हॅश (ज्यावरून मूळ टोकन परत काढता येत नाही असे त्याचे गणिती रूप) ठेवावा, कारण बॅकअपची प्रत बाहेर गेली तर न वापरलेली टोकने तयार किल्ल्यांसारखीच असतात. त्याची मुदत थोडी असावी, एकदा वापरल्यावर ते बाद व्हावे आणि नवी मागणी आली की जुनी लिंक निकामी व्हावी.

‘एकदाच चालणारी’ या अटीत व्यवहारातली एक खोच आहे. अनेक कार्यालयांच्या मेल सर्व्हरवर येणाऱ्या लिंका आधी स्वतः उघडून तपासणारी सुरक्षा यंत्रणा बसवलेली असते. लिंक नुसती उघडताच टोकन खर्ची पडत असेल, तर ती यंत्रणाच ते वापरून टाकते आणि वापरकर्त्याला ‘लिंकची मुदत संपली’ एवढेच दिसते. तो पुन्हा मागणी करतो, पुन्हा तेच घडते आणि शेवटी तिकीट मदतकक्षाकडेच येते. यासाठी लिंक उघडल्यावर फक्त फॉर्म दाखवावा आणि नवा पासवर्ड भरून फॉर्म पाठवल्यावरच टोकन बाद करावे. त्या पानावर बाहेरच्या संकेतस्थळावरील चित्रे किंवा स्क्रिप्टही नसाव्यात, कारण रेफरर हेडरमधून, म्हणजे मागणी कोणत्या पानावरून आली हे ब्राउझर ज्या ओळीत कळवतो तिच्यातून, टोकनसह पानाचा पूर्ण पत्ता तिकडे पोचू शकतो. लिंकमधले डोमेन ब्राउझरने पाठवलेल्या होस्ट हेडरवरून (कोणते संकेतस्थळ हवे ते सांगणाऱ्या ओळीवरून) न घेता प्रणालीच्या कॉन्फिगरेशनमधून घ्यावे. अन्यथा हल्लेखोर खोटा हेडर पाठवून, खऱ्या वापरकर्त्याला खऱ्या प्रणालीकडूनच स्वतःच्या सर्व्हरची लिंक पाठवायला लावू शकतो.

मागणी नोंदवल्यावर दिसणारे उत्तर सर्वांना एकच असावे : ‘हा पत्ता आमच्याकडे नोंदलेला असल्यास त्यावर लिंक पाठवली आहे.’ पत्ता सापडला नाही असे सांगितले, तर कोणाचे खाते आहे याची यादी बाहेरच्याला काढता येते. मेल पाठवण्याचे काम पार्श्वभूमीत ढकलले नाही, तर उत्तराला लागणाऱ्या वेळेवरूनही तोच अंदाज बांधता येतो. मागण्यांच्या संख्येवर मर्यादा हवी, मात्र त्या मर्यादेमुळे खाते कुलूपबंद होऊ नये.

पत्त्यांची तुलना हेही वाटते तितके सोपे काम नाही. डिसेंबर २०१९ मध्ये जँगो या वेब-प्रणाली बांधण्याच्या पायथन चौकटीत दुरुस्त झालेला दोष (सार्वजनिक दोषसूचीतील क्रमांक सीव्हीई-२०१९-१९८४४) याच जागी होता. लहान-मोठ्या अक्षरांचा भेद काढून पत्ते जुळवताना युनिकोडमधील काही वेगळी अक्षरे सारखी ठरत आणि लिंक नोंदलेल्या पत्त्याऐवजी फॉर्ममध्ये भरलेल्या पत्त्यावर जाई. जानेवारी २०२४ मध्ये गिटलॅब या प्रोग्रामचा कोड साठवण्याच्या प्रणालीने जाहीर केलेल्या दोषातही (सीव्हीई-२०२३-७०२८) रीसेटचा मेल पडताळणी न झालेल्या पत्त्यावर जाऊ शकत होता. फॉर्ममध्ये आलेला पत्ता केवळ शोधासाठी वापरावा आणि मेल मात्र डेटाबेसमधल्या पत्त्यावरच पाठवावा, हे दोन्ही घटनांतून ठळकपणे दिसते.

तिकीट प्रणाली स्वतःच मेल स्वीकारते, ही गोष्ट इतर संकेतस्थळांना नसलेला धोका निर्माण करते. बेल्जियन सुरक्षा संशोधक इंटी दे क्यूकलेअर यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की कंपनीच्या मदतकक्षाच्या पत्त्याने अन्य सेवेवर नोंदणी केली, तर त्या सेवेचा पडताळणी मेल तिकीट बनतो आणि मदतकक्षाच्या पानावर ते तिकीट नोंदणी करणाऱ्याला वाचता येऊ शकते. रीसेटची लिंकही याच वाटेने उघडी पडू शकते. म्हणून तिकिटांच्या रांगांचे स्वतःचे पत्ते (ज्यांवर मेल आला की तिकीट उघडते ते) रीसेटसाठी अपात्र ठरवावेत. प्रणालीने पाठवलेल्या मेलमध्ये आरएफसी ३८३४ (२००४) या इंटरनेट मानक-दस्तऐवजातील ‘ऑटो-सबमिटेड’ हेडर घालावा, म्हणजे त्यावर स्वयंचलित उत्तरे येऊन नवी तिकिटे उघडणार नाहीत. विभागातील चार-पाच जण मिळून वापरतात अशा सामायिक पत्त्यांचा प्रश्न मात्र तंत्राने सुटत नाही. तिथे लिंक कोणी उघडली हे सांगता येत नाही, आणि अशी खाती रीसेटमधून वगळणेच श्रेयस्कर.

ईमेलऐवजी ‘सुरक्षा प्रश्न’ विचारण्याची पद्धत आता टाकून द्यावी अशीच आहे. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचे याहू खाते जन्मतारीख, पिनकोड आणि पतीशी भेट कुठे झाली यांसारख्या सार्वजनिक माहितीच्या आधारे उघडले गेले होते. उलट, रीसेटचे काम माणसावर सोपवले की ते आपोआप सुरक्षित होते असेही नाही. ओळख न पटवता फोनवर पासवर्ड बदलून देणारा मदतकक्ष हा फसवणुकीचा सर्वांत सोपा रस्ता असतो.

सर्वच खाती या सोयीच्या कक्षेत आणू नयेत. संस्थेची लॉगिन एलडॅप (वापरकर्त्यांची मध्यवर्ती निर्देशिका) किंवा सिंगल साइन-ऑन (एकाच लॉगिनवर अनेक प्रणालींत प्रवेश) यांमधून होत असेल (आरटीमध्ये ४.४ पासून बाह्य प्रमाणीकरण मूळ प्रणालीतच आहे), तर त्या वापरकर्त्याचा पासवर्ड तिकीट प्रणालीकडे नसतोच, त्याला मूळ निर्देशिकेच्या रीसेट पानाकडे वळवावे. प्रशासकांच्या खात्यांसाठी केवळ ईमेल पुरेसा मानू नये, आणि पासवर्डशिवाय ओळख पटवणारा दुसरा घटक (उदा. फोनवरचा संकेत) चालू असेल तर रीसेटमुळे तो बंद होऊ नये. पासवर्ड बदलताच चालू असलेली सर्व लॉगिन-सत्रे संपवावीत आणि बदलाची सूचना लिंकविना पाठवावी. एपीआयसाठी (इतर प्रोग्राम प्रणालीशी ज्यातून बोलतात त्या जोडणीसाठी) दिलेली टोकने पासवर्डपासून स्वतंत्र असतात, त्यामुळे खाते खरोखर दुसऱ्याच्या हाती गेल्याचा संशय असेल तर ती वेगळी रद्द करावी लागतात. मागणी केव्हा व कोणत्या आयपी पत्त्यावरून आली आणि पासवर्ड केव्हा बदलला, याची नोंद लॉगमध्ये ठेवावी. टोकन मात्र त्या लॉगमध्ये, वेब सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगसह, कुठेही उतरू देऊ नये.