आयएसएल अडकली कशी, जरा मागे जाऊन बघू

जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा (इंडियन सुपर लीग, देशातली सगळ्यात मोठी फुटबॉल लीग) पुढचा सीझन होल्डवर टाकतोय असं क्लबांना कळवलं गेलं आणि सगळे एकदम खडबडून जागे झाले, पण पुण्यातल्या फुटबॉलवेड्यांना विचारा, त्यांना फारसं नवल वाटलं नसेल. पुणे एफसी २०१२-१३ ला आय-लीगमध्ये (आयएसएलच्या आधीची देशातली मुख्य लीग) दुसरी आली होती, पुढच्या दोनेक वर्षांत गाशा गुंडाळला. भारत एफसी एकच सीझन. डीएसके शिवाजीयन्स दोन. मग आयएसएलवाली एफसी पुणे सिटी, ती २०१९ ला बंद पडली आणि तिची जागा गेली हैदराबादला (तिथलंही पुढे तेच, २०२५ ला टीम दिल्लीला!). बालेवाडीचं स्टेडियम तेवढं जागच्या जागी आहे.

मुळात आपल्याकडे मोठा क्लब कायम कुणाच्या तरी खिशावर चालत आलाय. मुंबईत मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, आरसीएफ, एअर इंडिया, म्हणजे खेळाडूला नोकरी कंपनीची आणि मॅच कूपरेज मैदानावर, तिकिटांच्या नाहीतर टीव्हीच्या पैशावर क्लब पोसायचा हा विषयच कुणाच्या डोक्यात नव्हता. गोव्यात खाणवाले, धेंपो आणि साळगावकर. धेंपोनी नॅशनल लीग (आय-लीगच्या आधीची) आणि आय-लीग मिळून ५ वेळा टायटल मारलं, गंमत नाही. पण कंपनीच्या लेखी टीम म्हणजे खर्चाचं एक खातं, मनात आलं की बंद. महिंद्रा युनायटेड २००५-०६ ला नॅशनल लीग जिंकली आणि चार-पाच वर्षांत टीमच नाही.

२०१० ला फेडरेशनने (एआयएफएफ, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघ) आयएमजी-रिलायन्स या कंपनीबरोबर फुटबॉलच्या व्यावसायिक हक्कांचा १५ वर्षांचा ७०० कोटींचा करार केला, त्यातून २०१४ ला आयएसएल आली. इटलीच्या देल पिएरोसारखे खेळाडू, मालकांमध्ये सचिन तेंडुलकर, रणबीर कपूर, सगळा झगमगाट. पण दरवर्षी फ्रँचायझी फी भरायची, परदेशी खेळाडूंचे पगार वेगळे, आणि रेलिगेशन, म्हणजे तळाच्या टीमला खालच्या लीगमध्ये ढकलणं, नव्हतंच. २०१६ ला आय-लीग खालच्या दर्जाची करायचा प्लॅन आला तेव्हा साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो तिघेही वैतागून बाहेर पडले. माझ्या मते खरी चूक इथेच झाली, ज्यांच्याकडे दोन-तीन पिढ्यांचा प्रेक्षक होता त्यांनाच घरी बसवलं.

करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार हे १५ वर्षं माहीत होतं, तरी फेडरेशनच्या घटनेचा वाद सुप्रीम कोर्टात अडकलेला आणि नवीन करार लटकलेला. शेवटी लीगच्या व्यावसायिक हक्कांचं टेंडर काढलं, मुदत वाढवली, ७ नोव्हेंबरपर्यंत एकही बोली आली नाही. डिसेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुप, म्हणजे मँचेस्टर सिटीवाले, मुंबई सिटीतून बाहेर पडले, कारण दिलं लीगच्या भवितव्याचं. २०१९ ला आले होते, त्यांच्या काळात मुंबईने दोनदा कप (प्लेऑफ जिंकल्यावर मिळतो) आणि दोनदा शील्ड (गुणतक्त्यात पहिलं आल्यावर मिळते) नेली. आता क्लब परत रणबीर आणि बिमल पारेख या जुन्या मालकांकडे.