पाखाडी, मीठ आणि थकलेलं हृदय

कोकणात हृदय थकल्याची (हार्ट फेल्युअरची) पहिली खूण बहुधा पाखाडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या चढवाटेवर, कळते. बाजारात उतरून जाणं जमतं; परत चढताना मात्र दोनदा गडग्यावर टेकावं लागतं. मग पायांना सूज, रात्री उशांवर उशा. आणि घरोघर एकच सल्ला: आता हलू नको, पडून रहा. हा काही अडाणी सल्ला नव्हे, एकेकाळी डॉक्टरच तो देत.

इंग्लंडमधले डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली डिजिटॅलिस या वनस्पतीजन्य औषधाचे गुण पुस्तकात मांडले, तरी पुढेही बराच काळ भिस्त होती ती शिरेतून रक्त काढण्यावर, सुजलेल्या पायांत बारीक नळ्या खुपसून पाणी काढण्यावर आणि पथ्यावर. गंमत म्हणजे १८८० च्या दशकात म्युनिकचे डॉक्टर माक्स ओर्टेल रुग्णांना बेताबेताने टेकड्या चढायला लावत. ते मागे पडलं आणि विसाव्या शतकात बराच काळ खाटच जिंकली. १९९० च्या सुमारास ब्रिटनमधल्या अभ्यासांनी नियमित व्यायामाने रुग्णांची ताकद वाढते हे दाखवलं. २००९ साली २,३३१ रुग्णांच्या चाचणीने तो सुरक्षित असल्याचं सांगितलं. फायदा मात्र माफकच निघाला.

मिठाचं पथ्य जास्त टिकलं, कारण १९५० च्या दशकाअखेर लघवी वाढवणाऱ्या परिणामकारक गोळ्या येईपर्यंत अंगातलं पाणी आटोक्यात ठेवायला दुसरं फारसं काही नव्हतं. १९४० च्या दशकात अमेरिकेत वॉल्टर केम्प्नर रक्तदाबाच्या रुग्णांना बिनमिठाचा भात आणि फळं देत. आपली पेज त्यांना चालली असती. तोंडी लावायचा खारवलेला बांगडा नव्हे. २०२२ मध्ये हृदय थकलेल्या ८०६ रुग्णांवर मीठ फारच कमी करून पाहिलं, तेव्हा मृत्यू किंवा इस्पितळवाऱ्या ठळकपणे घटल्या नाहीत. रुग्णांना थोडं बरं वाटलं इतकंच. म्हणून पानातलं सुकट, लोणचं, पापड आवरायला सांगणं आजही रास्तच, पण त्यावर सगळा भार टाकता येत नाही.

शिवाय या अलीकडच्या चाचण्यांतले बहुतेक रुग्ण औषधं घेतच होते. गोळ्याच थांबवल्या तर काय होतं, हे ब्रिटनमध्ये पाहिलं गेलं. हृदयाचा स्नायू दुबळा होऊन नंतर पूर्ण सुधारलेले, अगदी ठणठणीत वाटणारे ५१ जण त्यात होते. २०१९ साली छापून आलेला निकाल असा: टप्प्याटप्प्याने गोळ्या सोडलेल्या २५ जणांपैकी ११ जणांचं दुखणं सहा महिन्यांत उलटलं. गोळ्या चालू ठेवलेल्या २६ जणांत तेवढ्या काळात एकाचंही नाही.