ग्लो इंजिन काढून मोटर: हे जमायला इतकी वर्षं का लागली

रेडिओ कंट्रोल मॉडेल विमानांत जुन्या ४० साइजच्या (०.४० घनइंच इंजिनच्या) ट्रेनरचं, म्हणजे शिकाऊ विमानाचं, मिथेनॉलवर चालणारं ग्लो इंजिन काढून इलेक्ट्रिक मोटर बसवणं आता फार अवघड राहिलेलं नाही, त्यामुळे नव्या लोकांना वाटतं ही कल्पनाच अलीकडची. तसं नाहीये. रेडिओ कंट्रोलवर इलेक्ट्रिक मॉडेल उडाल्याची जी पहिली नोंद सहसा सांगतात ती ३० जून १९५७ ची आहे, इंग्लंडच्या कर्नल टॅपलिन यांची, सिल्व्हर-झिंक बॅटरीवर. आणि गंमत बघा, त्यांचं ‘रेडिओ क्वीन’ हे डिझाइन मुळात डिझेल इंजिनचं, म्हणजे सुरुवातच कन्व्हर्जनने झाली! पण त्यांनी हे प्रयोग पुढे नेले नाहीत.

का नेले नसतील याचा अंदाज करायला थोडं मागे जावं लागतं. १९३० च्या दशकातली ब्राउन ज्युनियरसारखी इंजिनं स्पार्कवर चालायची, म्हणजे कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी हे सगळं लटांबर विमानातच. मग १९४७ मध्ये रे आर्डेनचा ग्लो प्लग आला. त्यातली प्लॅटिनमची तार सुरू करताना एकदा बॅटरीने तापवायची, नंतर मिथेनॉल आणि कॉम्प्रेशनच्या उष्णतेने ती आपोआप लाल राहते, आणि बॅटरी जमिनीवरच ठेवून द्यायची. इंजिनसाठीची बॅटरी विमानातून काढायला मिळाली म्हणून खूश झालेल्या लोकांना दहाच वर्षांनी कोणी सांगितलं की आता त्याहून मोठी बॅटरी उचला, तर कोण ऐकणार?

हिशोबही विरोधातच होता. एक किलो मिथेनॉलमध्ये साधारण ५५०० वॅट-तास ऊर्जा असते, तेवढ्याच निकॅड (निकेल-कॅडमियम) बॅटरीमध्ये जेमतेम ४०-५०, इंजिन त्यातली बहुतेक उष्णता हवेत सोडतं हे धरलं तरी फरक प्रचंड. जर्मनीत फ्रेड मिलित्की मात्र चिवटपणे मागे लागले होते. त्यांचं ‘सिलेंटियस’ हे छोटं फ्री-फ्लाइट (रेडिओशिवाय आपलं आपण उडणारं) मॉडेल १९६० ला बाजारात आलं, आणि २१ ऑक्टोबर १९७३ ला ऑस्ट्रियात त्यांच्याच कल्पनेतून एका खऱ्या मोटर-ग्लायडरचं इंजिन काढून मोटर आणि निकॅड बसवल्या आणि हाइनो ब्रदित्श्का ते घेऊन उडाले, काही मिनिटंच, पण माणसासकट.

नंतरची वीसेक वर्षं मॉडेलवाल्यांसाठी जरा कंटाळवाणीच. सात सेलचा निकॅड पॅक, ८.४ व्होल्ट, वजन ४०० ग्रॅमच्या आसपास, त्याला ब्रशवाली मोटर आणि मोठा प्रॉप (पंखा) फिरवायचा तर वर गिअरबॉक्स. ग्लायडर उडायचे, हलकी बांधलेली मॉडेलं उडायची, पण इंजिनच्या थरथरीसाठी जाड प्लायवूडने भक्कम केलेला ट्रेनर त्यावर बहुतेक वेळा नुसता रनवेवर पळायचा.

खरा फरक २००० नंतर पडला. सीडी ड्राइव्हमधल्या मोटरी उघडून, जाड तार गुंडाळून, आत चांगले मॅग्नेट चिकटवून लोकांनी घरीच आउटरनर बनवायला सुरुवात केली. यात बाहेरचा डबाच फिरतो, टॉर्क भरपूर, गिअरबॉक्सची गरजच नाही. त्याच सुमाराला लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी आली. ३ सेलचा २२०० एमएएचचा पॅक ११.१ व्होल्ट देतो आणि भरतो २०० ग्रॅमच्या आत. मग कुठे जुन्या इंजिनवाल्या विमानांकडे लोकांचं लक्ष गेलं.

पण ती विमानं पडली इंजिनच्या मापाची, आणि आजही कन्व्हर्जनमध्ये निम्मं काम त्याचंच असतं. मोटरवर अजून ‘४६ साइज’ लिहिलेलं असतं, ते आकडे इंजिनच्या घनइंचाच्या शंभराव्या भागाचे, मोटरशी त्यांचा काही संबंध नाही, मी तरी वॅटच बघतो (ट्रेनरला किलोमागे २०० च्या पुढे धरावेत). इंधनाची टाकी कार्ब्युरेटरजवळ हवी म्हणून फायरवॉलच्या (इंजिन ज्यावर बसतं त्या नाकातल्या फळीच्या) मागेच असायची, बॅटरी त्याच खोबणीत बसते खरी, पण ती बदलायला दरवेळी विंगचे रबरबँड सोडा, म्हणून वरून हॅच (उघडतं झाकण) कापावा लागतो. सीजी (गुरुत्वमध्य) आधी टाकी रिकामी धरून काढायचे, आता बॅटरी आत ठेवूनच काढायचा. आणि सगळ्यात वैताग म्हणजे इंधनातल्या एरंडेलाने काळपट झालेलं फायरवॉलचं लाकूड, त्यावर इपॉक्सी धरतच नाही, वरवर घासून भागत नाही, सरळ नवीन तुकडा घातलेला बरा.

पुढे किट बनवणाऱ्यांनीच बऱ्याच मॉडेलांत टाकी आणि मोटर माउंट दोन्ही एकाच खोक्यात द्यायला सुरुवात केली, हॅचसकट.