उष्णताताण व जैवउत्तेजक फवारणी (भाजीपाला पिके)

उन्हाळी भाजीपाल्यावर होणारा तीव्र उष्णतेचा परिणाम सौम्य व्हावा म्हणून अल्प मात्रेत केली जाणारी फवारणी. समुद्री शैवालांचे अर्क, अमिनो आम्ले व प्रथिनांची जलापघटिते (पाण्याच्या विक्रियेने तोडलेले प्रथिनांचे तुकडे), ह्युमिक व फल्व्हिक आम्ले (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतील आम्ले), ग्लायसीन बीटेन इ. द्रव्ये तीत वापरतात; त्यांना जैवउत्तेजके म्हणतात. त्यांतून पिकाला मिळणारे पोषण नगण्य असल्याने ती खते ठरत नाहीत. किडींवर त्यांचा थेट परिणाम नसल्याने कीडनाशकेही नव्हेत. शेतकरी त्यांना सरसकट ‘टॉनिक’ म्हणतात.

जैवउत्तेजक या संकल्पनेच्या उगमाबाबत एकमत नाही. काही अभ्यासक तिचे मूळ ओडेसा (युक्रेन) येथील नेत्रशल्यविशारद व्ह्लादिमिर फिलाटोव्ह यांच्या १९३३ च्या सुमारास मांडलेल्या विचारात शोधतात. थंडीत वा अंधारात ठेवलेल्या जिवंत ऊतींत प्रतिकूल स्थितीमुळे काही उत्तेजक द्रव्ये तयार होतात व ती दुसऱ्या सजीवाला दिल्यास त्याच्या क्रिया वेग घेतात, असे त्यांचे म्हणणे होते. सोव्हिएट संशोधकांनी पुढे हाच विचार वनस्पतींना लावला. दुसरा मत-प्रवाह अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील हिरवळीच्या गवतावरील १९९० च्या दशकातील कामापासून सुरुवात धरतो. ‘अत्यल्प मात्रेत वनस्पतीची वाढ वाढवणारी द्रव्ये’ अशी व्याख्या तेथे १९९७ मध्ये आढळते. फिलाटोव्ह यांचा भर वैद्यकीय उपचारांवर होता, हे पाहता शेतीपुरती दुसरी मांडणी अधिक ग्राह्य वाटते. वापर मात्र या दोहोंची वाट पाहत थांबला नव्हता. एका तपकिरी शैवालाच्या (ॲस्कोफायलम नोडोसम) द्रवरूप अर्काचे ब्रिटिश पेटंट १९५२ चे आहे आणि किनाऱ्यावर वाहून आलेले शैवाल शेतात टाकण्याची युरोपीय प्रथा त्याहून बरीच जुनी आहे.

संप्रेरकांपासून (वाढीचे नियमन करणाऱ्या द्रव्यांपासून) ही द्रव्ये वेगळी कशी काढायची, हा वादही जुनाच. शैवाल अर्कात सायटोकायनिने व ऑक्सिने ही वनस्पती-संप्रेरके सापडल्याने त्यांचा परिणाम संप्रेरकांचाच, असे दीर्घकाळ मानले गेले. अलीकडील काम वेगळ्या दिशेने जाते : अर्कातील संप्रेरकांचे प्रमाण परिणामाच्या मानाने अपुरे असून अर्कामुळे वनस्पतीच्या स्वतःच्या संप्रेरकनिर्मितीत बदल होतात. कायद्याने ही सीमा सरळ आखून टाकली आहे. भारतात जिबरेलिक आम्ल, एनएए (नॅप्थॅलीन ॲसिटिक आम्ल), ट्रायकाँटॅनॉल, होमोब्रॅसिनोलाइड ही वाढ-नियंत्रके कीटकनाशक अधिनियम, १९६८ खाली येतात. जैवउत्तेजके फेब्रुवारी २०२१ च्या दुरुस्तीने खत (नियंत्रण) आदेश, १९८५ मध्ये आली. त्यांच्या विक्रीसाठी दिलेल्या तात्पुरत्या प्रमाणपत्रांची मुदत अनेकदा वाढवून अखेर १६ जून २०२५ रोजी संपली. युरोपीय संघाने २०१९ च्या नियमावलीत घटकांऐवजी परिणामावरून व्याख्या केली असून अजैविक ताण (उष्णता, दुष्काळ इ.) सहन करण्याची क्षमता हा त्यांपैकी एक परिणाम आहे.

उष्णतेचा आघात पानांपेक्षा फुलांवर आधी होतो. टोमॅटोत दिवस-रात्रीचे सरासरी तापमान २५° से. वरून २९° से. वर गेले तरी फळधारणा घटते. परागकण कमकुवत होतात, कुक्षिवृंत (स्त्रीकेसराचा दांडा) परागकोशांच्या नळीबाहेर वाढतो आणि फुलगळ होते. ३०° से. च्या वर लायकोपीन हे लाल रंगद्रव्य कमी बनल्याने फळ पिवळट-नारिंगी राहते. ढोबळी मिरचीतही फुले गळतात. काकडीवर्गीय वेलींत नर फुलांचे प्रमाण वाढते. महत्त्वाचे म्हणजे, परागकणांची हानी फूल उमलण्याच्या साधारण एक ते दोन आठवडे आधी, कळीतच होते. गळ दिसू लागल्यावर केलेल्या फवारणीचा त्या फुलांना उपयोग नसतो. असलाच तर पुढच्या कळ्यांना.

म्हणून ही द्रव्ये पिकाला आधीच सज्ज करतात, असे मानले जाते. सौम्य उत्तेजनाने उष्णता-आघात प्रथिने (उष्णतेत पेशीतील इतर प्रथिनांना जपणारी) व ऑक्सिडीकरणविरोधी विकरे (एन्झाइमे) वाढतात. प्रोलीन व ग्लायसीन बीटेन पेशीतील प्रथिने आणि पटले (पातळ आवरणे) स्थिर ठेवतात. पुरावा एकसारखा नाही. आयर्लंडमधील संशोधकांनी २०२० मध्ये एकाच ॲस्कोफायलम जातीचे, पण निराळ्या प्रक्रियेने काढलेले दोन अर्क उष्णतेत वाढवलेल्या टोमॅटोवर तपासले. एकाने परागकणांची जीवनक्षमता व फळसंख्या सुधारली, दुसऱ्याने तशी सुधारणा दाखवली नाही. लेबलावरील ‘समुद्री शेवाळ’ एवढ्या उल्लेखावरून परिणामाचा अंदाज बांधणे त्यामुळे धोक्याचे. भारतात भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने कॅप्पाफायकस अल्व्हारेझी या लाल शैवालाचा ताजा रस काढून उरलेल्या चोथ्यापासून कॅरॅजीनन (घट्टपणा आणणारे द्रव्य) मिळवण्याची पद्धत विकसित केली. तो रस पानांवर फवारण्यासाठी वापरतात.

बाष्पोत्सर्जनरोधकांचा (पानांतून पाण्याची वाफ कमी जाऊ देणाऱ्या द्रव्यांचा) समावेशही खत (नियंत्रण) आदेशात आहे, पण उष्णतेसाठी ती विचारपूर्वकच वापरावी लागतात. बाष्पोत्सर्जनाने पान थंड राहते. पर्णरंध्रे झाकणाऱ्या थराने पाणी वाचते तरी पान तापू शकते. केओलीन या पांढऱ्या मातीची फवारणी प्रकाश परावर्तित करते व टोमॅटो, ढोबळी मिरचीची फळे उन्हाने करपण्यापासून काही प्रमाणात वाचवते.

फवारणी सकाळी लवकर वा सायंकाळी, पिकाला पाणी दिलेले असताना करतात. ह्युमिक आम्लयुक्त द्रावणात कॅल्शियम नायट्रेट मिसळल्यास साका बसतो, म्हणून ती वेगवेगळी देतात. ताण सहन व्हावा म्हणून फवारले जाणारे सॅलिसिलिक आम्ल थंड पाण्यात सावकाश विरघळत असल्याने ते आधी थोड्या अल्कोहोलात विरघळवून घेतात. प्रयोगांत सामान्यतः ०.५ मिलिमोल, म्हणजे लिटरला सुमारे ७० मिग्रॅ., एवढे वापरतात. मात्रा वाढल्यास हेच आम्ल पानांना इजा करते.

महाराष्ट्रात या विषयावर काम करणारी राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था माळेगाव (बारामती) येथे २००९ पासून आहे. उष्णतेत तग धरण्याचा दुसरा मार्ग वाणाचा : नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा सदाबहार’ टोमॅटो उष्ण व थंड अशा दोन्ही रात्रींत फळे धरतो.